भोपळाही न फोडता

दुधी आमच्या घरात कुणालाच आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचून तुम्ही जो प्रश्न विचाराल, तो बायको जूनपासून रोज विचारतेय.

मी काकडीचं म्हणून रोप आणलं होतं. त्यासाठी ५ किलोची कोकोपीटची (म्हणजे नारळाच्या भुशाची) दाबलेली वीट बाथरूममधल्या टबात भिजत घातली. ती फुगून ७० लिटरच्या आसपास होते, हे तिच्यावर लिहिलेलं असतं म्हणे. टब २० लिटरचा. सकाळी दार उघडलं तर बाथरूमभर घोटाभर भुसा, आणि त्यातून शाम्पूची बाटली बुडत्या माणसासारखी मान वर काढून उभी.

वेल ग्रिलला लागला तेव्हा गावाहून आई आली. पान चुरून म्हणाली, "अरे, काकडीचं पान खरखरीत असतं. ह्याला बघ कशी मऊ लव आहे. दुधी आहे हा."

घरात वाढलेल्या पोराला आता काय बाहेर काढणार?

श्रावणात फुलं आली. पांढरीशुभ्र, दिवेलागणीला उमलणारी, रोज दहा-बारा. सगळी नर! लांब देठावर टेचात उभी राहायची आणि सकाळी लोळागोळा होऊन पडायची. महिनाभर माझा भोपळा काही फुटेना. मग कळलं की शेंडा खुडायचा, त्यातून फुटलेल्या फांद्यांचाही शेंडा खुडायचा, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त येतात. याला थ्री-जी कटिंग म्हणतात. "बाबा, जग फाइव्ह-जीवर गेलं," इति चिरंजीव.

खुडल्यावर मात्र खरंच आली. फुलामागे अंगठ्याएवढा लवदार भोपळा, ही मादीची खूण. पण रात्रीचे पतंग आमच्या चौथ्या मजल्यापर्यंत फिरकत नाहीत, त्यामुळे भटजी मीच. संध्याकाळी सात वाजता, तोंडात टॉर्च धरून, नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे सोलायच्या आणि परागाचा दांडा मादीच्या मधोमध हलकेच फिरवायचा. हलकेच म्हणजे किती, हे कुणीच सांगत नाही. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू तीन दिवस पडद्याआडून बघत होत्या. चौथ्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

"काय हो, काही हरवलंय का?"

तोंडात टॉर्च असल्यामुळे मी "लग्न लावतोय" म्हणालो ते त्यांना कसं ऐकू गेलं देव जाणे. त्यांनी पडदा ओढून घेतला, तो अजून उघडलेला नाही.

पहिल्या दोघी पिवळ्या पडून गळाल्या. तिसरी धरली. रोज बोटभर वाढायची. आईने जुन्या लुगड्याची झोळी बांधून दिली आणि वर बजावलं, "बोट दाखवू नकोस, कुजतो." पंधरा दिवस घरातले सगळे गॅलरीकडे हनुवटीने खुणा करत होते.

परवा उतरवला. ८०० ग्रॅम. माती, खत, नीमपेंड, ग्रो बॅग धरून १,४०० रुपये खर्च. मंडईतला भाव मी मुद्दाम विचारला नाही. बायको विळी घेऊन बसली. त्या दोघांचं सख्य जगजाहीर आहे, म्हणून मी जवळच उभा राहिलो.

"थांब, आधी कच्ची फोड चाखायची. कडू निघाला तर टाकून द्यायचा. कडू दुधी विषारी असतो, माणसं दगावलीत."

तिने एक चकती कापून माझ्यापुढे धरली. "लग्न तू लावलंस. चाख."

आई, बायको, चिरंजीव, तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. मी डोळे मिटून चावलो. पुन्हा चावलो.

"कडू आहे?"

"नाही."

"गोड?"

"छे."

"मग कसा लागतोय?"

मी अजून थोडा चावून बघितला. कसाच लागत नव्हता. अस्सल दुधी होता.