‘पूर पूर्वीही यायचेच की!’ हो, यायचे. मग?

सध्या फिरणारा एक संदेश थोडक्यात असा : पूर पूर्वीही यायचे. एकूण पाऊस काही वाढलेला नाही. ‘शंभर वर्षांतला’ पूर दहा वर्षांत दोनदा येतो, म्हणजे शास्त्रज्ञांनाच काही कळत नाही. खरं कारण अतिक्रमणं आणि नादुरुस्त धरणं. हवामान बदल हे निव्वळ निमित्त.

यातली बरीच विधानं खरी आहेत, म्हणून तर तो पटतो.

‘पूर पूर्वीही यायचे.’ यायचेच. जर्मनीतल्या आर नदीला १८०४ आणि १९१० साली भीषण पूर आले होते. जुलै २०२१च्या पुरात जर्मनीत १८०हून अधिक माणसं गेली. पण पूर नवा की जुना, हा प्रश्नच नाही. प्रश्न असा, की तसंच वादळी वातावरण आज जास्त पाणी ओततं का? २०२१च्या त्या पावसाचा अभ्यास झाला. तापमानवाढीमुळे त्याचा जोर ३ ते १९ टक्क्यांनी वाढला आणि तसा पाऊस पडण्याची शक्यता १.२ ते ९ पट झाली, असं उत्तर आलं. ‘१.२ ते ९ म्हणजे अंदाजपंचेच की!’ असं कुणी म्हणेल. म्हणू दे. पण यातलं कुठलंही टोक धरलं तरी परिणाम शून्य येत नाही. (गंमत म्हणजे आरच्या खोऱ्यातले पूरधोक्याचे नकाशे करताना ते जुने महापूर जमेस धरलेच नव्हते. जुन्या नोंदींचा उपयोग खरं तर तिथे होता.)

‘एकूण पाऊस वाढलेला नाही.’ खरी मेख इथे आहे. पूर वर्षाच्या बेरजेने येत नाही, काही तासांत किती कोसळलं त्याने येतो. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. ढग फुटायची वेळ येते तेव्हा तेवढं जास्त खाली येऊ शकतं. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोसमी पावसाची बेरीज घटत होती, आणि त्याच काळात मोठ्या भूभागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. म्हणजे सरासरी दाखवून अतिवृष्टी नाकारता येत नाही. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक तज्ज्ञ-मंडळाच्या २०२१च्या अहवालानुसार, पूर्वी दहा वर्षांतून एकदा पडणारा एका दिवसाचा मुसळधार पाऊस सुमारे एक अंश तापलेल्या जगात १.३ पट वेळा पडतो. चार अंशांवर हाच आकडा २.७ होतो.

‘शंभर वर्षांतला पूर’ हे नावच घोटाळ्याचं आहे. त्याचा अर्थ दर वर्षी १ टक्का शक्यता, एवढाच. काल आला म्हणून उद्या यायचं तो टाळत नाही. तीस वर्षं नदीकाठी राहणाऱ्याला तो एकदा तरी गाठण्याची शक्यता २६ टक्के. दर वर्षीची शक्यता १ वरून २ टक्के झाली, तर तीस वर्षांचा हिशेब ४५ टक्क्यांवर जातो.

अतिक्रमणं आणि धरणं? दोष आहेच. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबियातल्या डेर्ना शहराच्या वरची दोन धरणं फुटली आणि हजारो माणसं मेली. धरणांच्या देखभालीची हेळसांड झाली होती, शहर थेट प्रवाहाच्या काठावर वसलं होतं. आणि ज्या पावसाने ती फुटली, तो तापमानवाढीमुळे ५० टक्क्यांपर्यंत जास्त जोराचा असू शकतो, असं अभ्यासकांनी मांडलं. एक कारण सापडलं म्हणून दुसरं बाद होत नाही. धरण कमकुवत असेल तर वाढीव पाणी जास्तच भोवतं.

समुद्राबद्दल तो संदेश गप्प आहे. १९०१ ते २०१८ दरम्यान जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. तेच वादळ आता तेवढ्या उंचीवरून किनाऱ्यावर चढतं.

आता त्या संदेशाच्या बाजूचंही. प्रत्येक पूर तापमानवाढीच्या खात्यावर टाकणं हीही चूकच. दक्षिण आणि पूर्व युरोपातल्या बऱ्याच नद्यांचे पूर १९६० ते २०१० या काळात घटलेले आढळले. मे २०२३ मध्ये इटलीच्या एमिलिया-रोमान्या भागात महापूर आला, तेव्हा आर नदीच्या पावसाचा अभ्यास करणाऱ्या गटानेच तोही तपासला. त्या पावसावर हवामान बदलाचा ठळक ठसा त्यांना सापडला नाही, आणि त्यांनी तसं जाहीरही केलं.