जपानचे उदाहरण देण्याआधी

बडोद्यात चीनचा विषय निघाला की हल्ली जपानचे नाव हटकून येते. नोव्हेंबर २०२५ मध्ये जपानच्या पंतप्रधान सानाए ताकाइची संसदेत म्हणाल्या की, तैवानवर लष्करी बळाचा वापर झाला तर ती जपानच्या अस्तित्वालाच धोका निर्माण करणारी परिस्थिती ठरू शकते. चीनने लगोलग आपल्या नागरिकांना जपानचा प्रवास टाळण्याचा सल्ला दिला, नुकतीच कुठे सुरू होऊ लागलेली जपानी मासळीची आयात पुन्हा थांबवली, आणि तरीही ताकाइचींनी विधान मागे घेतले नाही. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी या बातमीचे दोन अर्थ निघाले. काकांच्या मते पाठीचा कणा कसा असतो हे जपानने दाखवून दिले असून आपणही चिनी मालावर सरसकट बहिष्कार घालायला हवा. मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत विजेच्या दुचाकींसाठी लहान मोटारी बनवणारा माझा मावसभाऊ तेच उदाहरण उलट्या बाजूने देतो : "ताई, जपान तोंडाने भांडतो आणि माल चीनचाच घेतो ना? मग आम्हीच का उपाशी राहायचं?"

कोबेत राहून एका यंत्रनिर्मिती कंपनीच्या खरेदी विभागात काम करताना मला जो जपान दिसतो, तो या दोघांच्याही जपानपेक्षा वेगळा आहे.

कोबे बंदर १८६८ मध्ये परदेशी व्यापाराला खुले झाले आणि तेव्हापासून येथे चिनी व्यापारी, शिंपी, खानावळवाले वसत गेले. मोतोमाची स्थानकाजवळची नानकिनमाची ही त्यांची पेठ. टेकडीवरच्या कितानो भागात मोत्यांच्या व्यापारात असलेली गुजराती जैन कुटुंबे आणि त्यांचे १९८५ साली उभे राहिलेले देरासर, म्हणजे जैन मंदिर, आहे, जिथे माझ्यासारख्या बडोदेकर बाईला जपानमध्ये मराठीपेक्षा गुजराती बोलायची संधी जास्त मिळते. याच शहरात २८ नोव्हेंबर १९२४ रोजी चिनी क्रांतीचे नेते सुन यत्-सेन यांनी एका मुलींच्या शाळेच्या सभागृहात आशियाच्या भवितव्यावर भाषण केले. त्या भाषणाच्या प्रसिद्ध झालेल्या मजकुराच्या शेवटी त्यांनी जपानी जनतेला थेट विचारले आहे की, तुम्हाला पाश्चात्त्य दंडसत्तेचे हस्तक व्हायचे आहे की पौर्वात्य नीतिराज्याची तटबंदी. हा प्रश्न विचारणाऱ्याला जपानचा द्वेष नव्हता. १९०५ मध्ये त्यांनी आपली क्रांतिकारी संघटना टोकियोतच स्थापली होती, आणि जपानने १८९५ मध्ये चीनला हरवून तैवान व वीस कोटी तैल (तैल हे चिनी वजनमाप) चांदीची खंडणी घेतली असूनही हजारो चिनी तरुण त्याच जपानकडे आधुनिक विद्या शिकायला येत होते. त्या खंडणीच्या पैशांतून यावाताचा पोलाद कारखाना उभा राहिला, तेव्हा एका शेजाऱ्याचे औद्योगिकीकरण दुसऱ्याच्या पराभवावर कसे पोसले गेले हे चीनमध्ये विसरले जात नाही, यात नवल वाटू नये.

सुन यत्-सेन यांना उत्तर मिळाले ते जपानच्या आक्रमणातून, १९३१ मध्ये चीनच्या ईशान्येकडील मांचुरियात आणि १९३७ मध्ये सर्व चीनभर. त्या डिसेंबरमध्ये तेव्हाची चिनी राजधानी नानजिंग पडल्यावर जे घडले त्यात तीन लाख माणसे मारली गेली असे चीन सांगतो. जपान सरकार नागरिकांची हत्या झाल्याचे मान्य करते, पण आकडा निश्चित करता येत नाही असे म्हणते. या युद्धाशी आपला मराठी माणसाचा संबंध आहे तो सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांमुळे. १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते गेले, जपानी सैन्याशी लढणाऱ्या चिनी जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. चीन त्यांना आजही आठवतो. जपानमध्ये मात्र आदराने घेतले जाणारे भारतीय नाव न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचे आहे, कारण टोकियोच्या युद्धगुन्हे खटल्यात सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारे ते एकटेच न्यायाधीश होते. युद्धात मेलेल्या जपान्यांच्या स्मृतीसाठी असलेल्या टोकियोतल्या यासुकुनी देवळाच्या आवारात २००५ पासून त्यांचे स्मारकही आहे. त्याच निकालपत्रात जपानी सैन्याने केलेल्या अत्याचारांचा पुरावा जबरदस्त असल्याचे पालांनी लिहिले आहे, हे तिथे येणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते याची मला शंका आहे. दोन्ही देशांनी आपापल्या सोयीचा एकेक भारतीय निवडून ठेवला आहे, आणि काका पालांचा दाखला देतात तेव्हा कोटणीस आपल्याच सोलापूरचे होते हे मला त्यांना आठवण करून द्यावेसे वाटते.

एवढे रक्त मध्ये असताना १९७२ मध्ये जपानचे पंतप्रधान तानाका आणि चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी संबंध पूर्ववत केले आणि चीनने युद्धाची भरपाई मागण्याचा हक्क सोडून दिला. १९७८ च्या ऑक्टोबरमध्ये चीनचे नेते देंग श्याओफिंग जपानला आले, शिनकानसेन या वेगवान रेल्वेत बसले, आणि दोन्ही देश हक्क सांगतात त्या सेनकाकू बेटांचा वाद पुढच्या, अधिक शहाण्या पिढीवर सोपवू या असे म्हणाले. १९७९ पासून जपानने चीनला साडेतीन लाख कोटी येनांहून अधिक विकासकर्ज व मदत दिली. चीनचे रेल्वेमार्ग, बंदरे आणि वीजकेंद्रे उभी राहण्यात त्या पैशाचा वाटा मोठा होता, आणि २०१० मध्ये चीनची अर्थव्यवस्था जपानच्या पुढे गेली.

नेमके त्याच वर्षी सेनकाकूजवळ एका चिनी मच्छीमार नौकेची जपानी तटरक्षक नौकांशी टक्कर झाली, जपानने तिच्या कप्तानाला अटक केली, आणि काही दिवसांत जपानकडे निघालेला रेअर अर्थचा, म्हणजे शक्तिशाली चुंबकांना लागणाऱ्या दुर्मिळ मृदा धातूंचा, माल चिनी बंदरांत अडकू लागला. जपान तेव्हा या धातूंसाठी सुमारे ९० टक्के चीनवर अवलंबून होता. कप्तानाला सोडून देण्यात आले. या माघारीवर जपानमध्ये संताप झाला, पण मला महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे, कुठल्याही वाहिनीवर न दिसलेले काम. सरकारी निधी आणि एक व्यापारी कंपनी यांनी मिळून २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लायनास कंपनीत पैसे घातले. कारखान्यांनी कमी धातूत चालणारे चुंबक शोधले, जुन्या यंत्रांतून धातू परत काढण्याची व्यवस्था केली, साठे केले, आणि अमेरिका व युरोपबरोबर जागतिक व्यापार संघटनेत दाद मागून २०१४ मध्ये निकालही मिळवला. दशकभरात ते अवलंबित्व ६० टक्क्यांच्या आसपास आले, आणि जड गटातल्या काही धातूंच्या बाबतीत ते अजूनही जवळपास पूर्ण आहे. आमच्या विभागात आज प्रत्येक सुट्या भागासमोर एक रकाना असतो : हा पुरवठादार उद्या बंद झाला तर दुसरा कोण, आणि त्याचा माल किती आठवड्यांत येईल. तो रकाना रिकामा ठेवून फाइल पुढे जात नाही. बहुतेक ओळींत पहिले नाव चिनी कंपनीचेच असते, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

म्हणून काकांना माझे सांगणे असे की, जपानने बहिष्कार घातलेला नाही. चीन हा आजही त्याचा सर्वांत मोठा व्यापारी भागीदार आहे. चिनी विमान कंपन्यांनी ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळाची उड्डाणे घटवल्यावर ओसाकातल्या हॉटेलांना झळ बसली, तरी नानकिनमाचीत शनिवारी वाफाळत्या बनसाठी लागणारी जपानी गिऱ्हाइकांची रांग मी या हिवाळ्यातही पाहिली. पिढ्यान्‌पिढ्या इथेच वाढलेल्या त्या दुकानदारांकडे कोणी बीजिंगचा हिशेब मागत नाही. २०१२ मध्ये चिनी शहरांत जपानी गाड्या जाळल्या गेल्या तेव्हाची चित्रे आठवली की हे वागणे मला मोलाचे वाटते.

मावसभावालाही माझे उत्तर आहे. जपान स्वस्त म्हणून डोळे मिटून चिनी माल घेत नाही. कुठे अडकलो तर मान आवळली जाईल याची यादी करून, वर्षानुवर्षे पैसे मोजून, तेवढा फास सैल करत राहतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने चुंबकांच्या निर्यातीवर परवाने लावले तेव्हा मावसभावाच्याच कारखान्यात काय झाले ते मी पाहिले आहे. खोक्यात प्लास्टिकच्या चकत्या घालून ठेवलेल्या, नखाएवढ्या जाडीच्या चुंबकपट्ट्या. दोन पट्ट्या चुकून जवळ आल्या तर बोटाची कातडी चिमटीत सापडते. त्यांचे शेवटचे दोन खोके त्याने कुलपात ठेवले होते, आणि हा माल लष्करी कामासाठी वापरणार नाही अशी हमीपत्रे भरून तो परवान्याची वाट पाहत बसला होता. गलवानमध्ये जून २०२० मध्ये आपले वीस जवान धारातीर्थी पडल्यावर आपण ५९ अ‍ॅप बंद केली, दिवाळीच्या माळांवर रोष काढला, आणि २०२४-२५ मध्ये चीनबरोबरच्या व्यापारातली आपली तूट ९९ अब्ज डॉलरच्या पुढे गेली. आपल्या औषधांचा कच्चा माल, सौरपट्ट्यांचे सेल आणि हे चुंबक यांची यादी गल्लीतल्या वादात कधी येत नाही.

जपानची नक्कल जशीच्या तशी करता येणार नाही, हेही मला मान्य आहे. जपान आणि चीन यांच्यामध्ये समुद्र आहे आणि जपानच्या भूमीवर अमेरिकेचे सैन्य आहे. आपली ३,४८८ किलोमीटरची सीमा डोंगरात असून तिथे आपलेच जवान उभे असतात. शिवाय एका बाबतीत जपानचे उदाहरण घेऊ नये असे मी ठामपणे म्हणेन. १९७८ मध्ये यासुकुनीत चौदा प्रमुख युद्धगुन्हेगारांची नावे गुपचूप समाविष्ट झाली, आणि १९९५ मध्ये पंतप्रधान मुरायामांनी वसाहतवादी राजवट व आक्रमण यांबद्दल स्वच्छ शब्दांत क्षमा मागूनही त्यानंतरचे काही पंतप्रधान तिथे दर्शनाला गेले. स्वतःच्या इतिहासाशी अर्धवट केलेला हा व्यवहार बीजिंगच्या हाती दरवेळी आयते कोलीत देतो. आपला इतिहास आक्रमकाचा नाही, पण १९६२ चा पराभव आपणही नीट वाचलेला नाही. त्या पराभवाची लष्करी चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल १९६३ पासून गोपनीय आहे, आणि एकामागून एक आलेल्या, एकमेकांवर त्या युद्धाचे खापर फोडणाऱ्या सरकारांनी तो तसाच ठेवला आहे. चीनशी कसे वागावे याबद्दल इतक्या आवेशाने बोलणाऱ्या समाजाला तो वाचण्याचा हक्क आहे.

आणि बडोद्याला तर या वादात केवळ प्रेक्षक राहण्याचे कारण नाही. २०१३ पर्यंत बडोदा जिल्ह्यातच असलेल्या छोटा उदेपूरच्या कवांट तालुक्यात आंबाडुंगर आहे, आणि त्याच्या खडकात दुर्मिळ मृदा धातू आहेत. गुजरात सरकारचे खनिज महामंडळ तिथे प्रकल्प उभारण्याच्या तयारीत आहे. खाण काढणे हा त्यातला सोपा भाग आहे. धातू एकमेकांपासून वेगळे करणे कठीण आहे, आणि जगातले हे शुद्धीकरण सुमारे ९० टक्के चीनमध्ये होते ते यामुळेच. लायनासने ते काम मलेशियातल्या क्वांतानजवळ नेले, तिथल्या लोकांनी किरणोत्सारी गाळाविरुद्ध वर्षानुवर्षे आंदोलने केली, आणि जपानी ग्राहकाला त्याची झळ लागली नाही. आंबाडुंगरच्या पायथ्याशी राठवा आदिवासींची शेती आहे, आणि गाळ कुठे जाणार हे त्यांना आधी सांगितले जाईल की नंतर, याकडे बडोद्यातल्या जाणत्या लोकांनी आतापासून लक्ष ठेवले पाहिजे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये तंत्रशिक्षण देणारे कलाभवन सुरू केले, त्याच परंपरेतल्या विद्यापीठात आज धातुशास्त्राचा विभाग आहे. पृथक्करणाचे हे शास्त्र शिकलेली मुले तिथून बाहेर पडावीत यासाठी काय करता येईल, हा प्रश्न काका आणि मावसभाऊ या दोघांनी मिळून कुलगुरूंकडे घेऊन जावा, असे मी त्यांना या आठवड्यात कळवले आहे.