‘अभ्यास न करता जाणं म्हणजे अपमान’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. माझ्या ग्रीसच्या प्रवासलेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. काही अभ्यास न करता ग्रीसमध्ये गाडी घेऊन भटकत सुटणं हा त्या जागांचा अपमान आहे आणि मी पुराणकथा नि इतिहासाची खिचडी केलीये, असं तुमचं म्हणणं.

आधी चूक मान्य करते. मायसीनी या प्राचीन ग्रीक नगरीत सापडलेला सोन्याचा मुखवटा मी आगामेम्नॉनचा, म्हणजे कथेतल्या ट्रॉयच्या युद्धात ग्रीकांचं नेतृत्व करणाऱ्या राजाचा, म्हणून मोकळी झाले. तिथे उत्खनन करणाऱ्या श्लीमानने १८७६ मध्ये तसं मानलं होतं, पण ट्रॉयच्या युद्धाचा जो काळ धरतात त्याच्या तीनेकशे वर्षं आधीचा आहे तो. लेखात दुरुस्ती केलीये.

पण ‘अपमान’? हा शब्द लागला मला. नाफ्प्लिओ गावाहून एपिडॉरसचं प्राचीन थिएटर बघायला जाताना कडेला एक छोटी पाटी दिसली म्हणून गाडी थांबवली, खाली उतरून बघतो तर ओबडधोबड दगडांचा पूल, चुना नाही काही नाही, नुसते दगडावर दगड, आणि पाणी जायला मधे वर निमुळती होत गेलेली एक फट. आर्काडिकोचा पूल. ख्रिस्तपूर्व १३०० च्या आसपासचा, रथ जायचे त्यावरून. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि फटीत हात घातला तर आतले दगड गार. दहा मिनिटं मी तिथून हललेच नाही. आमच्या हातात यादी असती तर आम्ही सरळ एपिडॉरसचं थिएटर गाठलं असतं.

माझे वडील आम्हाला एसटीने किल्ल्यांवर न्यायचे. कुठला किल्ला ते स्टँडवर ठरायचं, पायथ्याच्या गावातली म्हातारी माणसं काय सांगतात ते आधी ऐकायचं आणि पुस्तकं घरी आल्यावर काढायची. मी बघायला तिथे शिकले. त्यांनीही अपमान केला म्हणायचं का? माझ्याबद्दल काय वाट्टेल ते लिहा, पण हे बोलताना जरा विचार करायला हवा होतात.

आणि खिचडीचं म्हणाल तर टिरिन्स या प्राचीन किल्ल्याची तटबंदी सायक्लॉप्स या एकडोळ्या राक्षसांनी बांधली असं खुद्द ग्रीकच म्हणायचे, त्यातला लहानात लहान दगडही खेचरांच्या जोडीला हलणार नाही असं पॉसॅनियस या ग्रीक प्रवासी लेखकाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात लिहून ठेवलंय, आणि पुरातत्त्ववाले अजून त्या बांधणीला सायक्लोपियनच म्हणतात. कथा वेगळी काढून तिथे बघायचं कसं, ते तुम्हीच सांगा.

बाकी मुद्द्यांवर वेळ घालवत नाही. पुढचा भाग ऑलिम्पियाचा आहे, वाचायचा तर पूर्ण वाचा आणि मग लिहा.