‘दिल्लीतल्या आयोगाचा हेदवीला काय उपयोग?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

केंद्रीय विद्युत नियामक आयोगावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "दिल्लीत बसून दर ठरवणार आणि आमच्या हेदवीत डीपी जळली की चार दिवस काळोख. असला आयोग हवाय कशाला?" डीपी म्हणजे गावाला वीज देणारं रोहित्र, ते जळलं की सगळंच थांबतं; तुमचा संताप मला कळतो. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे सतरा दिवस वीज नव्हती. पंप बंद, आई रहाटाने पाणी ओढायची, तळहाताला फोड आले होते.

पण तुमच्या घरचा दर दिल्ली ठरवत नाही, तो राज्याचा आयोग ठरवतो. दिल्लीचं काम म्हणजे केंद्राच्या वीज कंपन्यांचे दर, राज्याराज्यांमधून वीज वाहून नेणारी पारेषण वाहिनी आणि वीज बाजाराचे नियम. २०२२ च्या उन्हाळ्यात बाजारातला भाव युनिटला २० रुपयांना भिडला, तेव्हा याच आयोगाने १२ रुपयांची मर्यादा घातली. बिलावर ‘इंधन समायोजन आकार’ लिहिलेला असतो ना, महाग घेतलेल्या विजेचा भार शेवटी तिथेच उतरतो. म्हणजे दिल्लीचा आदेश हेदवीच्या बिलापर्यंत पोचतो.

आणि आयोग नसला तर काय होतं, ते तर तुमच्याच गुहागर तालुक्यात अंजनवेलला उभं आहे: एन्रॉन या अमेरिकी कंपनीने आणलेला वीजप्रकल्प. नाव दाभोळचं, प्रकल्प खाडीच्या अलीकडे. एन्रॉनचा वीजविक्रीचा करार १९९३ चा, केंद्रीय आयोग १९९८ चा, राज्याचा १९९९ चा. वीज घ्या न घ्या, स्थिर आकार भरायचाच, तोही डॉलरशी बांधलेला. त्यावर राज्याची हमी, राज्याच्या हमीवर केंद्राची प्रतिहमी. हे आकडे कुणा त्रयस्थाने उघड्यावर मांडून, लोकांच्या हरकती ऐकून तपासले नाहीत. गुहागरची माणसं ओरडत होती, पण दर ठरवताना त्यांचं म्हणणं नोंदवून घेऊन त्याला उत्तर देणं कायद्याने कुणावर बंधनकारक नव्हतं. मे १९९९ मध्ये सुरू झालेला प्रकल्प दोन वर्षांत बंद पडला. आज दर ठरवण्याआधी जनतेच्या सूचना-हरकती विचारात घ्याव्याच लागतात, २००३ च्या विद्युत कायद्याचं ते कलम ६४. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

एका बाबतीत मात्र तुमचं खरं आहे, आणि माझ्या लेखात ते यायला हवं होतं. दरवाढीच्या मूळ याचिका शेकडो पानांच्या आणि इंग्रजीत. भाताची लावणी सोडून त्या कोण वाचणार? दार उघडं आहे, पण आपल्या माणसाला उंबरठा फार उंच पडतो.

डीपीचं म्हणाल तर ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही की वीज कंपनीकडून भरपाई मागता येते, त्याच कायद्याचं कलम ५७. वादळात सूट असते, पण तुमची डीपी म्हणे भर उन्हाळ्यात, स्वच्छ हवेत जळली. तक्रार कुठल्या तारखेला नोंदवलीत आणि तिचा क्रमांक काय, तेवढं कळवा. वीज ग्राहकांच्या तक्रार निवारण मंचाचा अर्ज आपण दोघं बसून मराठीत लिहू.