‘सुरक्षा कोड बदलला’ म्हणजे फोन हॅक झाला?

मावशीने घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड टाकला: ‘चॅटमध्ये “सुरक्षा कोड बदलला” दिसलं की समजा तुमचा फोन हॅक झाला. व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाका. ६० आकडी कोड कुणाला दाखवू नका, तो पासवर्ड आहे.’ तीन वाक्यं आणि तिन्ही चूक.

ती ओळ तुमच्या फोनबद्दल नसतेच, समोरच्याच्या फोनबद्दल असते. व्हॉट्सॲप ज्या सिग्नल प्रोटोकॉलवर, म्हणजे मेसेज कुलूपबंद करून पाठवायच्या पद्धतीवर चालतं, त्यात मोबाइल नंबर हा नुसता पत्ता. ओळख म्हणजे ॲप टाकताना फोनमध्येच तयार होणारी किल्ल्यांची, म्हणजे दोन मोठ्या संख्यांची जोडी. खासगी किल्ली फोनबाहेर जात नाही, सार्वजनिक किल्ली सर्व्हरमार्फत इतरांना मिळते. माझ्या चॅटमध्ये ती ओळ मामेभावाच्या नावाने आली होती: त्याने नवा फोन घेतला, नंबर तोच ठेवला, पण जोडी नवी झाली. त्याने व्हॉट्सॲपला लॅपटॉप जोडला असता तरी हीच ओळ येऊ शकली असती, कारण त्या यंत्राचीही स्वतंत्र किल्ली असते.

ॲप काढून पुन्हा टाकायचा सल्ला तर भलताच. त्याने तुमचीच जोडी बदलते आणि सूचना चालू ठेवलेल्या नातेवाइकांना तुमच्या नावाने तीच ओळ दिसते. आमच्याकडे दुपारी मावशीने ॲप काढलं, ते बघून संध्याकाळी काकांनी.

आता ते ६० आकडे, म्हणजे खुद्द सुरक्षा कोड. दोघांच्या सार्वजनिक किल्ल्या ५२०० वेळा हॅश करून, म्हणजे उलट फिरवता न येणाऱ्या गणितातून काढून, प्रत्येकाचे ३० आकडे निघतात. स्क्रीनवर पाच-पाचचे बारा गट दिसतात, दोघांकडे तेच. मध्ये कुणी स्वतःची किल्ली घुसवली असेल, तर ते जुळणार नाहीत. म्हणजे हे आकडे ताडून बघण्यासाठीच आहेत. त्यांवरून खासगी किल्ली काढता येत नाही. लपवायचा असतो तो एसएमएसने येणारा ६ आकडी कोड. तो भामट्याला सांगितला की तुमच्या नंबरचं व्हॉट्सॲप त्याच्या फोनवर चालू होऊ शकतं, आणि तेव्हाही ओळखीच्यांना ‘सुरक्षा कोड बदलला’ हेच दिसतं.

त्यामुळे मावशीची धास्ती अगदीच पोकळ नाही, फक्त रोख चुकला. कोड बदलल्यावर लगेच कुणी पैसे मागितले, तर साधा फोन लावून आवाज ऐकावा. शिवाय २०१७मध्ये गाजलेला एक आक्षेप मलाही पटतो: न पोचलेले मेसेज व्हॉट्सॲप न विचारता नव्या किल्लीने पुन्हा पाठवत होतं. ‘द गार्डियन’ने त्याला चोरदरवाजा म्हटलं, तो अतिरेक होता; पण आधी विचारायला काय हरकत होती?

मामेभावाला फोन लावला. बारा गट वाचले, जुळले. मग त्याने विचारलं, “आणि मावशीचा कशाने बदलला रे?”