शिल्लक युनिटांचं ३१ मार्चला काय होतं?

छतावरच्या सौर पॅनेलवरचा लेख चांगला आहे, पण घरात वापरून उरलेली, वीज कंपनीला दिलेली ‘जास्तीची युनिट पुढच्या महिन्यांत वळती होतात’ (म्हणजे पुढच्या बिलांतून वजा होतात) हे त्यात अर्धंच सांगितलंय. वळती होतात ती फक्त ३१ मार्चपर्यंत. १ एप्रिलला खातं पुन्हा शून्यावरून सुरू. उरलेली युनिट वीज कंपनी ठरलेल्या दराने विकत घेते आणि ते पैसे बिलात वजा होतात, पण तो दर आपण भरतो त्यापेक्षा बराच कमी असतो.

गंमत बघा, आमच्या ३ किलोवॅटच्या पॅनेलवर हिवाळ्यात एसी-पंखे बंद, ऊन लख्ख, म्हणून युनिट साठतात. आणि एसी लावायची वेळ येते एप्रिल-मेमध्ये, म्हणजे नेमकं खातं पुसल्यावर! जुलै-ऑगस्टच्या ढगांत तर पॅनेल कशीबशी चालतात.

म्हणून आम्ही आता फेब्रुवारी-मार्चमध्ये गिझर, इंडक्शन बिनधास्त वापरतो. (बायको म्हणते, एवढी मोकळीक आधी कधी नव्हती.)

अजून एक. बिल शून्य येत नाही, स्थिर आकार (वीज कितीही वापरा, दरमहा लागणारी ठरलेली रक्कम) भरावाच लागतो. आणि दिवसा पॅनेलची जी वीज घरातच वापरली जाते, ती नेट मीटरवर (कंपनीकडून घेतलेली आणि कंपनीला दिलेली वीज मोजणारा मीटर) दिसतच नाही. तेव्हा ‘मीटर कमी दाखवतो’ म्हणून भांडण्याआधी इन्व्हर्टरचा (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) आकडा बघा, पॅनेलनी एकूण किती वीज बनवली ते तिथे दिसतं.