गळक्या पूल-पंपाला एमसील फासण्याआधी

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘पूलचा पंप गळतोय? मेकॅनिक लुटतो. गळेल तिथे एमसील लावा, जोडाला टेफ्लॉन टेप गुंडाळा, झाकणाच्या रिंगला व्हॅसलीन चोळा. तरी पातळी उतरली तर ते बाष्पीभवन समजा.’ आमच्या सोसायटीचा पूल मी तीन वर्षं सांभाळतोय, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी एमसील. मोटर आणि पंप जुळतात तिथून टिपटिप होत असेल, तर मेकॅनिकल सील, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती पाणी अडवणारी चकत्यांची जोडी, गेलंय. त्यातली एक चकती शाफ्टबरोबर मिनिटाला जवळपास 2900 वेळा फिरते, दुसरी जागच्या जागी तिला घासून बसलेली असते. ती झीज बाहेरून लिंपून कशी भरणार? उलट खाली पडणाऱ्या पाण्याची वाट बुजवलीत, तर ते बेअरिंगकडे जाणार. म्हणजे सीलच्या जोडीला मोटरचाही खर्च! नवं सील बसवणं हात चालणाऱ्याला जमतं. एमसीबी पाडा, व्हॉल्व्ह बंद करा आणि चकतीच्या गुळगुळीत तोंडाला बोट लावू नका. बोटाचं तेलही तिथे नको असतं.

टेपचं थोडक्यात. टेप आट्यांसाठी असते. युनियनमध्ये, म्हणजे पाइपाच्या उघडता येणाऱ्या जोडात, पाणी अडवते ती आतली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी. वरून टेपचं अख्खं रीळ गुंडाळलंत तरी फरक पडत नाही.

रिंगचा सल्ला अर्धा बरोबर आहे. जाळीवरच्या झाकणाची रिंग सुकली की पंप चालू असताना पाणी बाहेर येण्याऐवजी बहुधा हवाच आत ओढली जाते, आणि पूलमध्ये पाणी परत येतं तिथे बुडबुडे दिसतात. रिंग पुसा, चीर असेल तर बदला. हे खरंच दहा मिनिटांचं काम, मेकॅनिक कशाला? फक्त व्हॅसलीन नको, पेट्रोलियमने काही रबरं फुगतात. सिलिकॉन ग्रीस लावा.

राहिलं बाष्पीभवन. ते होतंच, पण किती ते मोजा की! पूलच्या पायरीवर पूलच्याच पाण्याने भरलेली बादली ठेवा, आतली-बाहेरची पातळी खुणेने नोंदवा, 24 तास कुणाला उतरू देऊ नका. आमच्या बादलीत अर्धा सेंटिमीटर उतरलं, ते बाष्पीभवन; पूलमध्ये दीड, म्हणजे वरचा एक सेंटिमीटर गळती. बारा बाय सहा मीटरच्या पूलमध्ये एक सेंटिमीटर म्हणजे 720 लिटर. चौदा दिवसांत दहा हजार लिटरचा टँकर. तोही उन्हाळ्यात, जेव्हा आम्ही प्यायच्या पाण्यासाठी टँकरवाल्याच्या विनवण्या करत असतो.

गळती सापडली वाळूच्या फिल्टरच्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे दांडा फिरवून पाण्याची वाट बदलतात त्या व्हॉल्व्हमध्ये. आतलं गॅस्केट कुणीतरी पंप चालू ठेवून दांडा फिरवल्याने निघालं होतं आणि पाणी बॅकवॉशच्या (फिल्टर धुतलेलं पाणी बाहेर सोडणाऱ्या) पाइपातून गुपचूप गटारात चाललं होतं. पंपरूमची फरशी कोरडी ठणठणीत. एमसील लावायचं तर कुठे?